ताकीद, इशारा आणि समज

दिवाळी अंकात समीक्षा लिहायची तर एखादी कादंबरी, कवितासंग्रह, गेलाबाजार एखादे आत्मचरित्र तरी हाताशी हवे, असा संकेत आहे. मी यंदा ज्या मजकुराविषयी लिहिणार आहे त्याला मुखपृष्ठ नाही, किंमत नाही आणि बहुतेक वेळा लेखकाचे नावही नाही. चार-सहा ओळींचा तो मजकूर. मराठी विकिपीडियावर पहिल्यांदाच काही लिहू पाहणाऱ्या माणसापुढे तो अवचित उभा राहतो आणि त्याला सांगतो, की बाबा रे, तुझे काहीतरी चुकते आहे. ह्या सूचनांना मी वाङ्मय म्हणतो ते थट्टेने नव्हे. मराठीत लिहिण्याची पहिली उबळ आलेल्या कितीतरी जणांना ‘संपादक’ नावाच्या माणसाचे पहिले दर्शन आज ह्याच ओळींतून घडते. आमच्या पिढीला ते ‘साभार परत’च्या चिठ्ठीतून घडत असे. तशा चिठ्ठ्या मीही पाठवल्या आहेत; त्यांची गोष्ट पुढे येईल.

ज्यांचा ह्या व्यवहाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. विकिपीडिया म्हणजे कोणीही लिहावा आणि कोणीही दुरुस्त करावा असा ज्ञानकोश. इंग्रजीत तो १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनी. आज मराठीतल्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. गुजरातीतल्या लेखांची त्याच्या साधारण एक-तृतीयांश. आमच्या सुरतेच्या नर्मदाने आपला ‘नर्मकोश’ जवळजवळ एकहाती उभा केला आणि १८७३ साली तो पुरा छापून हातावेगळा केला. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशामागे मंडळ होते, कचेरी होती. पण ह्या दोन्ही ठिकाणी जी काही खाडाखोड झाली ती घराच्या आत झाली. वाचकाच्या हाती आले ते स्वच्छ पान. विकिपीडियात खाडाखोड चव्हाट्यावर चालते. लेखाचा ‘इतिहास’ उघडला की कोणी कधी काय लिहिले आणि कोणी ते काढून टाकले, हे पहिल्या अक्षरापासून दिसते. चुकलेल्याला दिलेली ताकीदही त्याच्या नावाच्या चर्चापानावर राहते, जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावी अशी.

ही ताकीद देण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत माणसाची. नवख्याने लेखात काही भलते घातले, की जाणता सदस्य ते उलटवतो आणि नवख्याच्या चर्चापानावर एक तयार मजकूर चिकटवतो. ह्या तयार मजकुराला मराठी विकिपीडियात ‘साचा’ म्हणतात. शब्द फार नेमका निघाला, कारण साच्यातून काढलेल्या गणपतींसारखे हे संदेश सगळे एका चेहऱ्याचे असतात. इंग्रजीत तर ह्या ताकिदींची चार पायऱ्यांची शिडीच केलेली आहे. पहिल्या पायरीवर माणूस सद्हेतूने वागला असे गृहीत धरायचे. दुसरीवर काहीच गृहीत धरायचे नाही. तिसरीवर हेतू वाईट समजायचा. आणि चौथी ही अखेरची, तिच्यानंतर दार बंद. तिथे अशी साधने निघाली आहेत, की मजकूर उलटवणे आणि ताकीद चिकटवणे ही दोन्ही कामे बोटाच्या एका टिचकीत होतात.

दुसरी रीत यंत्राची. तिला ‘संपादन गाळणी’ म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर ती २००९ साली आली, मग इतर भाषांत पसरली. माणूस लिहून होतो, मजकूर प्रकाशित करण्याच्या कळीवर बोट ठेवतो आणि मजकूर आत जाण्याआधीच गाळणी त्याला अडवते: बघ, ह्यात सगळी अक्षरे रोमन आहेत, किंवा बघ, तू पानच्या पान पुसून टाकतो आहेस. गाळणी नुसती सूचना देण्यापुरती लावलेली असेल तर पुन्हा एकदा कळ दाबल्यावर मजकूर आत जातो. उपद्रव थोपवण्यासाठी केलेले हे यंत्र मराठी विकिपीडियाने नवागतांना चार गोष्टी शिकवण्यासाठीही वापरून पाहिले. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात साहित्यदृष्ट्या विचार करण्याजोगे हेच आहे: ताकीद देता देता शिकवता येते का? आणि येत असेल तर कोणत्या मराठीत?

आता आपल्याकडचे, म्हणजे दोन भाषांच्या कुंपणावर बसलेल्या माणसांचे, कान जरा वेगळे असतात. मराठीत ‘इशारा’ म्हटले की धरणाचे दरवाजे उघडणार, नदीकाठच्यांनी सावध व्हावे, असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. माझ्या गुजराती शेजाऱ्याचा ‘इशारो’ मात्र डोळ्याने किंवा बोटाने केलेली खूण असते, आणि ती प्रेमाचीही असू शकते. धोक्याच्या सूचनेला तो ‘चेतवणी’ म्हणतो. आम्ही मराठी माणसे चूल चेतवतो, भावना चेतवतो. एकाच धातूपासून त्यांनी सावध करणे घेतले आणि आपण पेटवणे. ‘शिक्षा’ हा शब्द मराठीत आणि गुजरातीत छडीचा, तर हिंदीत शाळेचा. सुरतेत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया अशा कितीतरी माध्यमांच्या आहेत. तिथल्या पोरांना हा गोंधळ व्याकरणाच्या पुस्तकाशिवायच कळतो. आणि आपल्या मराठीत आणखी एक फार सुंदर शब्दप्रयोग आहे. तो आपण पोलीस ठाण्यात टाकून दिला आहे: ‘समज देणे’. पोरांना हवालदाराने समज देऊन सोडले, असे बातमीत वाचतो तेव्हा त्या पोरांना दिले काय, तर समज, ह्याकडे आपले लक्षच जात नाही.

विकिपीडियावरच्या मराठी सूचना मी गेली काही वर्षे सवडीने वाचतो आहे. लिहिणारे स्वयंसेवक आहेत, पदरमोड करून, झोपमोड करून लिहितात, त्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. माझी तक्रार त्यांच्या गद्याविषयी आहे. ह्या सूचनांचे सर्वसाधारण वळण दाखवण्यासाठी एक नमुना मीच बनवतो: ‘आपण केलेला बदल धोरणांशी सुसंगत नसल्याने उलटविण्यात आला आहे. कृपया संबंधित धोरणे वाचावीत. पुनरावृत्ती झाल्यास आपणास संपादनापासून प्रतिबंधित करण्यात येईल.’ वाचकहो, हे मराठी कुठले? हे तहसील कचेरीतले मराठी. ‘उलटविण्यात आला आहे’. कोणी उलटवला? कर्ता कुठे गेला? कर्मणी प्रयोगाच्या पडद्याआड माणूस लपला की वाचणाऱ्याला समोर भिंत दिसू लागते. इंग्रजीतल्या मूळ सूचना निदान ‘या, बसा’ म्हणून मग चूक सांगतात. मराठीत येताना ते ‘या, बसा’ही शासकीय होते: ‘आपले स्वागत करण्यात येत आहे’. नळ तोडण्याची नोटीस आणि लग्नाची पत्रिका एकाच कारकुनाने लिहावी तसे.

दुसरा दोष पारिभाषिक शब्दांचा. उल्लेखनीयता, पडताळण्याजोगेपणा, तटस्थ दृष्टिकोन, प्रताधिकारभंग. हे शब्द चुकीचे नाहीत, काही तर चांगले घडवलेले आहेत. (‘धूळपाटी’ हा सरावाच्या पानासाठी योजलेला शब्द तर मला इतका आवडतो, की तो सुचवणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला आहे.) पण ताकिदीच्या चार ओळींत हे चार शब्द ओळीने आले की नवखा गांगरतो. प्रत्येक शब्दावर टिचकी मारली की एकेक लांबलचक पान उघडते. घराचा उंबरा ओलांडणाऱ्याच्या हातात संस्थेची घटना ठेवण्यासारखे हे झाले.

तिसरा दोष मला सर्वांत मोठा वाटतो. ह्या सूचना नेमके काय चुकले ते सांगत नाहीत. सांगू शकत नाहीत, कारण त्या साच्यातल्या आहेत. ‘तुमचा बदल अयोग्य होता’ ह्या वाक्यात शिकण्याजोगे काय आहे?

इथे माझ्या चिठ्ठ्यांची गोष्ट सांगणे भाग आहे. नव्वदच्या दशकात सुरतेतल्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक अंकाचे काम मी पाहत असे. साहित्य येई त्यातले निम्मे परत पाठवावे लागे. प्रत्येकाला पत्र कोण लिहिणार, म्हणून मी एक चिठ्ठी छापून घेतली होती. वर ‘साभार परत’, खाली चार चौकटी: विषय अनुरूप नाही, लांबी अधिक, हस्ताक्षर दुर्बोध, भाषा अशुद्ध. लागू असेल तिथे बरोबरची खूण करायची. काम झटपट उरके आणि मला त्या सोयीचा अभिमानही होता.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. लाखो माणसे चार-सहा दिवसांत शहर सोडून गेली. खान्देशकडे जाणाऱ्या गाड्यांना लटकून गेली. त्या हिवाळ्यात लिंबायतच्या पत्त्यावरून एक लेख आला. लिहिणारा यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, मूळचा शहाद्याकडचा. सगळे पळाले तेव्हा हा मागेच राहिला होता, आणि बंद पडलेल्या कारखान्यात रात्री माग थांबल्यावर कानाला कसे वाटते, ह्याविषयी त्याने सात-आठ पाने लिहिली होती. आवाजाविना झोप येईना, असे काहीसे त्यात होते. भाषा अहिराणीवर गुजरातीचे पाणी चढलेली. कारखान्याला तो ‘खाते’ म्हणत होता. मी समासात लाल शाईने लिहिले, ‘बँकेतले?’. त्याने ‘ताणा-वाणा’ लिहिले होते. मी ‘वा’वर काट मारून ‘बा’ केला. मग चौथ्या चौकटीत खूण केली आणि लेख परत पाठवला.

सुरतेत मागाच्या कारखान्याला खातेच म्हणतात. गुजरातीत ताणो-वाणोच असतो. तो माणूस आपल्या जागी बरोबर होता. मी पुण्याच्या जागेवर उभा राहून त्याला तपासत होतो. त्याने पुन्हा काही पाठवले नाही. प्लेगच्या दिवसांवर, मागावर उभ्या असलेल्या माणसाने मराठीत लिहिलेला एकही मजकूर आमच्या अंकांत नाही. एक आला होता, तो मी परत केला.

म्हणून ‘नुसती एक सूचना तर होती’ असे कोणी म्हणाले की मला ते पटत नाही. पुण्या-नाशकातल्या मुलाला शुद्धलेखनाची ताकीद मिळाली तर त्याचे एक लेखन चुकले, एवढाच त्याचा अर्थ होतो. सुरतेच्या, बेळगावच्या, बिदरच्या मुलाला तीच ताकीद मिळाली तर त्याला वेगळे ऐकू येते: तुझे मराठीच खरे नव्हे. हे वाक्य त्याने आधी मामेभावंडांकडून ऐकलेले असते, सुट्टीत गावी गेल्यावर ऐकलेले असते. आता ते ज्ञानकोशानेही म्हटले.

उदाहरणे द्यायची तर फार लांब जायला नको. गुजराती विकिपीडियावर लेख बदलण्याच्या कळीवर ‘फेरफार करो’ असे शब्द असतात; फेरफार म्हणजे बदल, त्यात काळेबेरे काही नाही. मराठीत सातबाऱ्यावरचा फेरफार सोडला तर हा शब्द हिशेबातल्या लबाडीचा. गुजराती शाळेत शिकलेल्या मराठी मुलीने बदल करताना खुलाशाच्या जागी भाबडेपणाने ‘थोडा फेरफार केला’ असे लिहिले, तर पहारा करणाऱ्याला तो कबुलीजबाब वाटायचा! किंवा ‘कवि नर्मद’ घ्या. गुजरातीत ‘कवि’ ऱ्हस्व लिहायचे. मराठीत १९६२ च्या नियमांनंतर ‘कवी’ दीर्घ. ह्या मुलीची चूक ही चूक नव्हे, तो तिच्या दुसऱ्या शाळेचा नियम आहे. आणि एक गंमत सांगू? दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांना मराठी भाषेचे पाणिनी म्हणतात, ज्यांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, ते पुढे नोकरीनिमित्त ह्याच सुरतेत होते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी इथे मानवधर्मसभा काढली. मराठीचा व्याकरणकार आणि गुजरातीचा शाळामास्तर एका सभेत बसून, लोकांसमोर, रूढींची चिकित्सा करत होते. ते दादोबा आज येऊन आपल्या काळच्या लेखनपद्धतीने एखादा परिच्छेद जतन करू लागले, तर शुद्धलेखनाची पहिली ताकीद त्यांनाच मिळेल.

‘लुटी’चेही तसेच आहे. मराठी माणूस ‘सुरतेची लूट’ हे दोन शब्द एका दमात आणि किंचित अभिमानाने उच्चारतो. १६६४ आणि १६७० ही सालेही त्याला तोंडपाठ असतात. सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाने मात्र ते शब्द शाळेत शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या तोंडूनही ऐकलेले असतात, आणि तिथे सूर वेगळा असतो. असा मुलगा ह्या विषयावर लिहायला बसला की त्याचे वाक्य एकीकडे तरी झुकणार. त्याला ‘तटस्थ दृष्टिकोन पाळावा’ असे सांगून काय होणार? तटस्थ म्हणजे तटावर उभा. हा तर दोन्ही थड्यांच्या मध्ये पाण्यात उभा आहे. त्याला सांगायला हवे, की आपल्या बखरी काय म्हणतात ते बखरीचे नाव घेऊन लिही. इंग्रजांच्या वखारीतले कागद काय म्हणतात ते त्यांचे नाव घेऊन लिही. विशेषणे काढून टाक. आणि तुला स्वतःला काय वाटते ते दिवाळी अंकाला पाठव. एवढे सांगितले तर तो एका संध्याकाळी इतिहासलेखनाचा पहिला धडा शिकेल.

पहाऱ्यावरच्या माणसांची बाजू मी सोडून दिली, असे कोणी म्हणेल. म्हणून तीही सांगतो. मराठी विकिपीडियावर नियमाने काम करणारे सदस्य लेखसंख्येच्या मानाने फार थोडे आहेत. त्यांच्यापुढे रोज येते काय? पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून जसेच्या तसे उचललेले उतारे, गल्लीतल्या पुढाऱ्यांची वाढदिवसाची स्तुतिस्तोत्रे, दुकानांच्या जाहिराती, थोरामोठ्यांच्या लेखांत घातलेल्या शिव्या. ह्या पुरापुढे हाताने पत्रे लिहीत बसा म्हणणे अन्यायाचे आहे, आणि पन्नास लेखांपुढे थकून चिठ्ठी छापून घेणाऱ्या माणसाला ते म्हणण्याचा अधिकारही नाही. शिवाय अभ्यास काय सांगतो तेही पाहिले पाहिजे. आरोन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली इंग्रजी विकिपीडियाचा अभ्यास मांडला, त्यात असे दिसले की लेखन उलटवले गेल्याने माणसाचा उत्साह खचतो, नवख्याचा तर विशेषच. पण एकंदर हिशेब मांडला तर उलटवण्यामुळे कामाचा दर्जा सुधारतो आणि तो लाभ नुकसानीहून मोठा ठरतो. म्हणजे चूक दाखवूच नये, हा हळवेपणा कामाचा नाही. त्याच हाफेकरांनी आणखी काही जणांबरोबर २०१३ साली दुसरा निबंध लिहिला. इंग्रजी विकिपीडियावरच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखराला पोचली आणि मग उतरू लागली. त्या उतरणीचे एक मोठे कारण त्यांना असे आढळले, की चांगल्या हेतूने आलेली नवी माणसे टिकेनाशी झाली होती; त्यांची पहिली भेट माणसाशी न होता यांत्रिक साधनांशी आणि साचेबंद नकाराशी होत होती. दोन्ही निबंध एकत्र वाचले की मला त्यांत विरोध दिसत नाही. गहू पाखडायलाच हवा. फक्त सुपातून दाणे किती उडाले तेही पाहिले पाहिजे.

आमच्या उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला वाटेत नवापूर लागते. त्या स्थानकाच्या फलाटातून राज्याची सीमा जाते, हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. अर्धे बाक महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एका टोकाला दारू कायद्याने मिळते, दुसऱ्या टोकाला ती बाळगणे गुन्हा. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. नवखा प्रवासी पाय मोकळे करायला चार पावले चालला तर त्याला कळायचेही नाही, की कायदा बदलला. विकिपीडियावर नवा आलेला माणूस तसाच असतो. वर्तमानपत्रातला मजकूर नकलून पाठवणे व्हॉट्सॲपवर चालते, इथे चालत नाही. आजोबांविषयी चार ओळी लिहिणे कुटुंबाच्या स्मरणिकेत पुण्याचे, इथे नियमबाह्य. रेघ त्याने मुद्दाम ओलांडली नाही. त्याला ती दिसलीच नाही. अशा माणसाला रेघ दाखवणे आणि त्याच्यावर खटला भरणे ह्यांत फरक आहे, आणि तो फरक क्रियापदांत करावा लागतो.

म्हणूनच दोन रीतींत मला यंत्राची गाळणी, वाचताना आश्चर्य वाटेल, पण अधिक माणुसकीची वाटते. ती चुकीच्या आधी बोलते. चर्चापानावरची ताकीद म्हणजे सगळ्या वर्गासमोर बाकावर उभे करणे. गाळणीचा संदेश म्हणजे मास्तरांनी पाठीमागून येऊन हळूच वहीवर बोट ठेवणे. यंत्र त्याची नोंद ठेवते हे खरे, तरी संदेश उमटतो तो लिहिणाऱ्याच्याच पडद्यावर. आणि ‘तरीही जतन करायचे असेल तर पुन्हा कळ दाबा’ ही जी सवड ती देते, तिच्यात मोठा विश्वास आहे. तुला माझ्याहून अधिक ठाऊक असू शकते, असे ते यंत्र म्हणते. माझ्या चिठ्ठीत पाचवी चौकट असती, ‘हा शब्द आपल्याकडे असाच वापरतात का? असल्यास कळवावे’ अशी, तर ताणा-वाणा छापून आला असता.

यंत्राच्या मर्यादा उघड आहेत. ते अक्षरे पाहते, अर्थ पाहत नाही. नर्मदाच्या ग्रंथांची नावे कोणी मुद्दाम गुजराती लिपीत नोंदवली तर परकी लिपी अडवणारी गाळणी त्याला अडवणार. ती शेजारची लिपी आहे हे तिला कोण सांगणार? मुलाने रागाने लिहिले आहे की अजाणतेपणाने, हेही तिला कळत नाही. पण गाळणीचा संदेश त्या-त्या भाषेतली माणसेच लिहितात, आणि तो एकदाच लिहायचा असतो. हजारदा वाचला जाणारा तो परिच्छेद एकदा नीट लिहायला कोणाला वेळ नसावा, हे मला मान्य नाही. मासिकाच्या संपादकाने संपादकीयावर जेवढे कष्ट घ्यावेत तेवढे ह्या चार ओळींवर घ्यावेत.

कसे लिहावे ह्याचा मीही थोडा सराव करून पाहिला. समजा, कोणी सुरतेच्या लेखात गोपीतलावाविषयी दोन वाक्ये संदर्भाशिवाय घातली. त्याला असे लिहिता येईल: ‘गोपीतलावाविषयी तुम्ही लिहिलेले वाचले. हे कुठल्या पुस्तकात वाचायला मिळते तेवढे खाली जोडाल का? पुस्तकाचे नाव आणि पान पुरे. तोवर मी ती वाक्ये बाजूला ठेवली आहेत. लेखाच्या इतिहासात ती आहेत, गेलेली नाहीत.’ हे शेवटचे दोन शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. नवख्याला ठाऊक नसते, की इथे काढलेले लेखन नष्ट होत नाही. त्याला वाटते आपली रात्रभराची मेहनत पुसली गेली, आणि बहुधा तो तिथेच उठतो.

सर्वनामाचा प्रश्न मात्र मला बरेच दिवस सुटत नव्हता. ‘तू’ म्हणणे अनोळखी माणसाशी उद्धटपणाचे. ‘तुम्ही’ ठीक, पण बोट रोखल्यासारखे होते. ‘आपण’ म्हणावे तर कचेरीचा वास येतो: आपण केलेला बदल, आपणास प्रतिबंधित. मग शेजारच्या घरातले बोलणे ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. गुजरातीत ह्यासाठी दोन शब्द आहेत. आदराचे ‘आप’ म्हणजे समोरचा. आणि ‘आपणे’ म्हणजे तू आणि मी मिळून. मराठीत दोन्ही कामे एकटा ‘आपण’ करतो, आणि आपल्या सूचना त्याच्या पहिल्याच अर्थावर अडून बसल्या आहेत. ‘आपण संदर्भ दिलेला नाही’ ह्यात आपण म्हणजे तो गुन्हेगार. ‘आपण इथे प्रत्येक माहितीला संदर्भ देतो’ ह्यात आपण म्हणजे लिहिणारा, वाचणारा, काल आलेला आणि वीस वर्षे पहारा करणारा, सगळे. शब्द तोच. चूक दुसऱ्या वाक्यातही कळते. फक्त ती कळताना माणूस घराच्या आत असतो. इंग्रजीतून भाषांतर करून हे वाक्य हाती लागणार नाही, कारण इंग्रजीत हा शब्दच नाही. ते मराठीतच सुचायला हवे. आणि कदाचित गुजरातीच्या शेजारी राहणाऱ्या मराठीत जरा लवकर सुचते.

शिडीची चौथी पायरी असू द्या. शिव्या घालणाऱ्याला, पुन्हापुन्हा उतारे चोरणाऱ्याला स्वच्छ शब्दांत दार बंद होईल असे सांगावे. तिथे ‘आपण’ची साखर नको. पण पहिल्या पायरीवरच्या संदेशात ‘प्रतिबंध’ हा शब्दच येता कामा नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. आणि शुद्धलेखनासाठी तर ताकीद नकोच. ज्याला दिसले त्याने मुकाट्याने ‘कवि’चा ‘कवी’ करावा आणि पुढे जावे. विकिपीडियात तेवढी सोय आहे. ती छापील अंकात नव्हती, तरी माझ्या हातात लेखणी होतीच.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमच्या मंडळाचे कपाट बुडाले. अंकांच्या फायली, स्वीकारलेल्या लेखांची हस्तलिखिते, सगळ्याचा लगदा झाला. ‘साभार परत’च्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा माझ्या घरी माळ्यावर होता, तो वाचला. कागद चांगला आहे, पाठकोरा. इतकी वर्षे वाण्याची यादी करायला वापरतो आहे. हा लेखही त्याच चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायला घेतला होता. अकराव्या चिठ्ठीनंतर क्रम लागेना, म्हणून वही काढली.